जगऱ्याकडे तोंड, तलावाकडे पाठ

ऑगस्ट लागला की अमरावतीत रस्त्यात भेटलेला माणूस तब्येत विचारत नाही. "किती गेट उघडले?" असं विचारतो. कुठल्या धरणाचे, हे त्याला सांगावं लागत नाही आणि आपल्याला विचारावं लागत नाही. मोर्शी तालुक्यात सिंभोऱ्याजवळ वर्धा नदीवर अप्पर वर्धा धरण आहे, त्याला 13 दरवाजे आहेत आणि त्यातला एक जरी वीतभर वर सरकला तरी निम्मं शहर ट्रिपल सीट तिकडे निघतं. तिथं जाऊन करायचं काय? पाहायचं. पाणी वरून खाली पडत असतं, ते पडताना पाहायचं. तोंडावर तुषार घ्यायचे, भाजलेलं कणीस खायचं, "मांगच्या वर्षी याच्याहून जास्त होतं बावा" असं म्हणायचं आणि घरी यायचं.

आम्हा वऱ्हाडी माणसांचा पाण्याशी जो काही व्यवहार आहे तो असा चार हात लांबून. पूर्णेच्या दोन्ही अंगांनी अमरावती, अकोला, बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांतून खारपाणपट्टा गेला आहे. तिथं विहीर खोदली तर पाणी लागतं, पण ते तोंडात घेतल्यावर माणूस पाण्याकडे न बघता खोदणाऱ्याकडे बघतो. अकोल्याला पाणी येतं ते महानच्या काटेपूर्णा धरणातून, अमरावतीला अप्पर वर्धातून, आणि नळाला ते रोज येईलच असं नाही. त्यामुळे इकडच्या वर्तमानपत्रातला सगळ्यात मन लावून वाचला जाणारा मजकूर म्हणजे 'प्रकल्पांतील जलसाठा'. माझे शेजारी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले त्याला बरीच वर्षं झाली. त्यांना नातवंडांचे वाढदिवस आठवत नाहीत, पण काटेपूर्णा किती टक्के, वान किती टक्के, शहानूर किती टक्के, हे झोपेतून उठवून विचारा. अशा मुलखातल्या माणसाला "चला, पाण्यावर खेळायला जाऊ" म्हटलं की त्याला पहिली शंका येते, आपण घरचा नळ सुरू ठेवून तर नाही ना निघालो?

ही हौस आमच्या घरात आली ती अमेरिकेहून. माझा पुतण्या डलासला असतो. टेक्सास आणि लुइझियानाच्या सीमेवर कॅडो लेक नावाचं एक मोठं पाणथळ आहे, त्याच्या टेक्सासकडच्या काठावर सरकारी उद्यान आहे, आणि पुतण्या सुट्टीत बायको-पोरांसह तिथं तंबू ठोकून राहतो. त्यानं चित्रफीत दाखवली. पाण्यातच उभी असलेली सायप्रसची झाडं, फांद्यांवरून खाली लोंबणाऱ्या करड्या दाढ्या, काळंभोर स्तब्ध पाणी आणि त्यावरून कयाकमध्ये बसून, आवाज न करता चाललेला आमचा मुलगा. पाण्यावर वाटा आखलेल्या आहेत, त्यांना पाट्या आहेत. पाण्यात मगरी आहेत. रात्री 10 ते सकाळी 6 शांतता पाळायची, असा नियम आहे. 1993 पासून हे तळं रामसरच्या आंतरराष्ट्रीय यादीत आहे, हेही त्यानं अभिमानानं सांगितलं. चित्रफीत संपल्यावर खोलीत थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग शेजारी म्हणाले, "सध्या किती टक्के हाय?"

पुतण्याचं म्हणणं असं पडलं की आपल्याकडे हे काहीच नाही. हे मला मान्य नाही. कॅम्पिंग आम्हाला अमेरिकेनं शिकवावं अशी वेळ वऱ्हाडावर अजून आलेली नाही. परतवाड्याहून बैतूलच्या रस्त्याला लागलं की सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरम आहे. डिसेंबरच्या उत्तरार्धात तिथली यात्रा भरते ती जानेवारी सरत आला तरी हलत नाही. लोक राहुट्या ठोकून कुटुंबकबिल्यासह मुक्कामाला असतात, गवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजतात आणि मातीच्या हंडीत मटण शिजवतात. गाडगेबाबांनी इथल्या पशुबळीविरुद्ध कीर्तनं केली. बळीची प्रथा थांबली, मटण मात्र राहिलं; पूर्वी देवाच्या नावानं व्हायचं ते आता पाहुण्यांच्या नावानं होतं. टेक्सासात तंबूसाठी आधी जागा राखून ठेवावी लागते. बहिरमला मामेसासऱ्यांच्या राहुटीत शिरलं की भागतं.

पाण्याकाठी रात्र काढायचीही सोय आहे. मेळघाटात बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनखातं लोकांना पाणवठ्यावरच्या मचाणावर बसू देतं. चांदण्यात पाण्यावर येणारी जनावरं मोजायची. हल्ली त्याचं रीतसर आरक्षण होतं आणि त्यासाठी उड्या पडतात. अट एवढीच की रात्रभर बोलायचं नाही. अमरावतीच्या माणसाला अस्वलाची भीती वाटत नाही, या अटीची वाटते. संध्याकाळी मचाणावर चढलेली दोन माणसं सकाळी खाली उतरतात तेव्हा त्यांच्याकडे बारा तासांचं बोलणं तुंबलेलं असतं आणि जो पहिला वनमजूर समोर येतो त्याच्यावर त्याचे सगळे दरवाजे एकदम उघडतात. सांबरं किती, रानडुकरं किती, हे त्याला कळतं. शिवाय डाव्या बाजूच्या माणसाचे मेहुणे नांदगावला शिक्षक आहेत, हेही कळतं.

राहता राहिलं पाणथळ. इथं मात्र कायद्यानं आमची पंचाईत केली आहे. पाणथळांच्या संरक्षणासाठी 2017 साली केंद्राचे नियम आले. त्यातल्या व्याख्येतून पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलाशय वगळलेले आहेत. आता वऱ्हाडात आकाशातून पाहिलं तर जेवढं म्हणून पाणी चमकतं ते बहुतेक सगळं याच दोन कारणांसाठी कुणीतरी मुद्दाम बांधून अडवलेलं आहे. म्हणजे कागदावर पाहिलं तर आमच्याकडे पाणी आहे, पण पाणथळ जवळजवळ नाही. बुलढाण्याचं लोणार तेवढं उल्कापातानं झालं, माणसानं बांधलं नाही, म्हणून ते 2020 मध्ये रामसरच्या यादीत जाऊ शकलं. त्याच वर्षी जूनमध्ये त्याचं पाणी गुलाबी झालं. क्षारात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांनी ते केलं असं शास्त्रज्ञ म्हणाले, पण मला विचाराल तर मानाच्या यादीत नाव जायच्या आधी माणूस थोडा नटतोच.

पट्टकदंब हंसांना हे नियम कुणी वाचून दाखवलेले नाहीत. हिमालय ओलांडून ते हिवाळ्यात विदर्भातल्या तलावांवर उतरतात. डोक्यावर दोन काळे पट्टे, चालणं जरा ऐटीत. सोबतीला थापट्या बदकं असतात, चक्रवाक असतात, काळेकुट्ट वारकरी पक्षी असतात आणि काठावर नव्या दुर्बिणीतून एका डोळ्यानं पाहणारे अमरावती-अकोल्याचे पक्षिमित्र असतात. यातला कुणीही जलाशय कशासाठी बांधला याची चौकशी करत नाही. उन्हाळ्यात पाणी मागे सरकलं की उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीत पीक उभं राहतं, वाळूत डांगरवाड्या लागतात. जानेवारीत जिथं हंस पोहत होता तिथं मे महिन्यात टरबूज लोळत असतं. अमेरिकेतल्या उद्यानाच्या नकाशात तळं बाराही महिने एकाच जागी दाखवलेलं असतं, याचं मला खरोखर नवल वाटतं.

हंसावरून आठवलं. अप्पर वर्धाच्या जलाशयाला नाव दिलं आहे नल-दमयंती सागर. दमयंती ही विदर्भाची राजकन्या, वर्धेच्याच काठचं कौंडण्यपूर तिचं माहेर मानतात. नळाचा निरोप तिच्याकडे हंसानं आणला, हे महाभारतात आहे. म्हणजे पाणी, हंस आणि प्रेमप्रकरण यांची सांगड आम्ही फार पूर्वीच घातलेली आहे. तिचा आजचा अवतार म्हणजे तलावावरची फायबरची हंस-बोट. लहान-मोठ्या गावांच्या तलावांवर ती असते. मान वळलेली, चोचीचा रंग उडालेला, पोटात चार माणसं. पुढच्या दोघांना पायडल असतात, मागच्या दोघांना नसतात, आणि कोण पुढे बसणार यावरून काठावर जे बोलणं होतं त्यावरून त्या कुटुंबाची एकूण आर्थिक स्थिती कळते. जो कमावतो तो पायडल मारतो. मागे सासूबाई आणि चिवड्याची पुडी. मधे एक दांडा असतो, तो वळवला की हंस वळतो, पण विचार करून वळतो. अर्ध्या तासाचे पैसे घेतलेला माणूस वीस मिनिटांनी काठावरून शिट्टी मारू लागतो, आणि तेव्हा नेमका हंस बेशरमीच्या झुडपात तोंड खुपसून बसलेला असतो. नळ-दमयंतीच्या हंसाकडून एवढी कामं घेतली असती तर ते लग्न झालंच नसतं.

तर गेल्या डिसेंबरात पुतण्या आला आणि त्यानं एक कयाक आणली. हवेची. बॅगेतून निघाली तेव्हा ती घडी घातलेल्या चादरीएवढी होती. आमच्या ओळखीच्या एकाचं शेत एका धरणाच्या बुडिताला लागून आहे. संत्र्याची बाग, पलीकडे उतार आणि मग पाणी. धरणाचं नाव सांगत नाही, कारण तिथल्या चौकीदाराशी आमचे चांगले संबंध आहेत आणि ते तसेच राहावेत. कार्यक्रम असा ठरला की तंबू, कयाक, रात्रीचा मुक्काम, अगदी कॅडो लेकसारखं. "जेवायला काहीतरी साधंच करू," असं पुतण्या म्हणाला. वहिनींनी मान डोलावली. निघताना गाडीच्या टपावर एक कयाक होती आणि मागच्या छोट्या टेम्पोत दोन पोती गवऱ्या, कणकेचा डबा, तेलाचा पिंप, तुपाची किटली, वांगी, सांबार, तीन गंज आणि ते ढवळणारे सहा जण.

तंबू ठोकण्याबद्दल थोडं सांगितलं पाहिजे. तंबू हा वाळूत, मुरमात किंवा हिरवळीवर ठोकायचा असतो. आमची काळी कापसाची माती वेगळ्या स्वभावाची आहे. पावसाळ्यात ती चपलेला धरते आणि सोडत नाही. पाऊस संपून सुकू लागली की तिला भेगा पडतात आणि मग ती काहीच धरत नाही. पुतण्यानं पहिली खुंटी ठोकली. दोन घाव चांगले बसले, तिसऱ्याला खुंटी भेगेत गेली ती दिसेनाशी झाली. दुसरी तिच्या मागे गेली. शेताचा मालक जवळ उभा राहून म्हणाला, "अबे, मागच्या सालची माह्यी विळी बी अठीच गेली." शेवटी तंबूच्या चारी दोऱ्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीला, संत्र्याच्या दोन झाडांना आणि पाण्याच्या पिंपाला बांधल्या. तंबू उभा राहिला. थोडा कलता, पण कपड्यांच्या दुकानात शोभावा असा नवा. लगेच त्यात तूप आणि कणीक ठेवण्यात आली, कारण तंबूला चेन होती आणि शेतातल्या कुत्र्यांना चेन उघडता येत नाही.

मग खरं काम सुरू झालं. रोडग्याच्या कार्यक्रमात एरवी घरी चहाचं पाणीही न ठेवणारे पुरुष एकदम तज्ज्ञ होतात. जगरा कसा रचायचा, यावर आमच्या दादांचं आणि शेजाऱ्यांचं पंचवीस वर्षांपासून पटलेलं नाही. दादा म्हणतात गवऱ्या उभ्या, शेजारी म्हणतात आडव्या. दोघंही कमरेवर हात ठेवून उभे, आणि वाकून गवऱ्या लावतोय तो टेम्पोवाला. तिकडे वहिनींनी जाड्या कणकेच्या छोट्या पाऱ्या लाटल्या, तेल लावून एकात एक ठेवल्या आणि वरून गोळा वळून बंद केला. असे पन्नासेक गोळे. धूर बसला, निखारा झाला, की ते आत सोडायचे, उलटायचे, शेवटी राखेखाली गाडायचे आणि पुढचा वेळ त्यांच्याकडे बघत बसायचं. रोडगा भाजला की फुटतो. तो कोणत्या बाजूला फुटला यावरही मतं असतात.

इथं माझ्या एक गोष्ट ध्यानात आली. दुपारी पाण्यावरचा वारा काठाकडे येतो. म्हणजे जगऱ्याचा धूर जमिनीकडे जातो. धूर डोळ्यांत जाऊ द्यायचा नसेल तर माणसाला पाण्याच्या बाजूला बसावं लागतं, आणि जगऱ्याकडे लक्ष ठेवायचं तर पाण्याकडे पाठ करावी लागते. आमचे सगळे जण तसेच ओळीनं बसले होते. मागे सूर्य कलत होता, नदीसुरय पाण्यावर सूर मारत होते, एक पाणकावळा वाळलेल्या बाभळीवर पंख पसरून उभा होता, आणि चौदा वऱ्हाडी माणसं निखाऱ्याकडे डोळे लावून कपाशीच्या भावाबद्दल बोलत होती. वहिनींनी एकदाच मागे वळून पाहिलं, तेही वांगी धुवायचं पाणी कुठं टाकावं म्हणून.

पुतण्यानं हिंमत सोडली नाही. पायानं पंप मारून त्यानं कयाक फुगवली. दोघांची. मागे बसणाऱ्यानं दिशा सांभाळायची आणि पुढच्यानं वल्ह्याचा ठेका धरायचा, डावं-उजवं आलटून पालटून, दोघांचं वल्हं एकाच वेळी एकाच बाजूला. हे त्यानं आपल्या आईवडिलांना काठावर उभं करून नीट समजावलं, लाइफ जॅकेटं घालून पट्टे आवळले आणि दोघांना ढकललं. पुढे वहिनी, मागे दादा. लग्नाला छत्तीस वर्षं. कयाक सुरुवातीला सरळ गेली, कारण ती ढकललेली होती. मग दादांनी डावीकडे मारलं, वहिनींनी उजवीकडे. कयाक जागच्या जागी थबकली. मग दोघांनी एकमेकांचं पाहून बाजू बदलली.

"अहो, इकून काहून मारून राह्यले? तिकून मारा ना!"

"तू चूप राह्य. तू मारूच नोको. मी एकटा मारतो."

दादा एकटे मारू लागले, एकाच बाजूनं, जोरात. कयाक गोल फिरू लागली. वहिनी पुढे हात घडी घालून बसल्या आणि दर फेरीला काठ समोर आला की आमच्याकडे पाहून "भाजी हलवा!" असं ओरडू लागल्या. तीनदा ओरडल्या. भाजी हलवली गेली. पुतण्या गुडघाभर पाण्यात उभा राहून इंग्रजीत सूचना देत होता, आणि शेजारी पहिल्यांदाच जगऱ्याकडे पाठ करून, डोळ्यांवर हात धरून त्या फेऱ्या बघत होते.

तेवढ्यात एक भोई बाजूनं आला. थर्माकोलचे तुकडे नायलॉनच्या पोत्यात शिवून केलेला तराफा, त्यावर मांडी घालून बसलेला, हातात दोन लाकडी फळकुटं. दोन्ही हात पाण्यात मागे जात आणि तराफा दोरी धरून ओढल्यासारखा सरळ येई. त्यानं कयाकचं टोक धरून दादा-वहिनींना काठाला आणून लावलं, जाळं आवरलं आणि पुतण्याला विचारलं,

"हा फुगा कितीले पडला?"

पुतण्यानं डॉलरचे रुपये करून आकडा सांगितला.

"अन् याच्यात मासोया किती राह्यते?"

"मासोळ्या नाही ठेवत. यात फक्त बसायचं आणि वल्हवत जायचं."

"जायचं कुठी?"

"कुठं असं नाही. फिरून परत इथंच."

भोयानं काठाकडे पाहिलं, चुलीवर चहा उकळत होता. "मंग अठीच बसा ना," तो म्हणाला, आणि स्वतःही बसला. त्याला रोडगे दिले. त्यानं पाव किलोचे दोन मासे दिले, ते शाकाहारी बाजूला कळू न देता टेम्पोमागे भाजले गेले.

रात्री 10 ला शांतता पाळू, असं पुतण्यानं सुचवलं. सगळ्यांनी मान्य केलं आणि ती कशी पाळावी यावर साडेअकरापर्यंत चर्चा झाली. कोल्हे ओरडले, पलीकडच्या शेतातल्या रखवालदाराच्या मोबाइलवर जुनी गाणी लागली, थंडी अशी पडली की एकेक करत सगळे उठून जगऱ्याच्या गरम राखेभोवती घोंगडी घेऊन आले. तंबूत तूप एकटं झोपलं.

आता पुतण्या परत गेला आहे. कयाक आमच्याकडेच आहे, कारण येताना बॅगेत बसलेली वस्तू जाताना वहिनींच्या लोणच्याच्या बरण्यांमुळे बसली नाही. पुढच्या हिवाळ्याचा बेत आत्तापासून शिजतो आहे. त्या तलावाच्या पलीकडच्या काठावर आंब्याची दोन मोठी झाडं आहेत, सावली छान आहे, पण तिकडे टेम्पो जात नाही. माणसं बांधावरून चालत जातील. गवऱ्या, कणीक आणि तूप कयाकमधून न्यायचं, ओढायला त्या भोयाला सांगायचं, असं दादा आणि शेजारी यांच्यात पंचवीस वर्षांत प्रथमच एकमतानं ठरलं आहे. मतभेद आहे तो एवढाच की कयाकमध्ये गवऱ्या उभ्या लावायच्या की आडव्या. दोन लाइफ जॅकेटं मोकळीच आहेत. त्यातलं एक तुपाच्या किटलीला घालणार आहोत.